जात्यावरची ओवी आणि आईची प्रार्थना

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. इथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. प्रभू येशूची कथा त्यात दहा हजारांहून अधिक ओव्यांत आहे.

ओवी लोकांना परकी नव्हती. पहाटे जाते ओढताना बायका ओव्याच गात. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची बांधणी अगदी एक नाही, पण नाते जवळचे आहे. जाते ओढणाऱ्या बाईला देवाचे नाव घ्यायला काम थांबवावे लागत नसे. मांडीवर डोके ठेवून निजलेले मूल ते ऐकतच मोठे होई.

आज आमच्या अंबरपेठेत जाते नाही. कुकर आहे, डबे आहेत, शाळेच्या रिक्षाची घाई आहे. निवांत अर्धा तास मिळत नाही, म्हणून कितीतरी आयांची प्रार्थनाच सुटते. मैत्रिणींनो, जपमाळेचे एक दशक पोळ्या लाटतानाही होते: आधी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, मग दहा पोळ्यांना दहा ‘नमो मरिया’. जरा मोठ्याने म्हणा. शेजारी बुटाची नाडी बांधणारे लेकरू ऐकत असते.