टाकाऊतून टिकाऊ : एका शालेय विषयाची पूर्वपीठिका

जुन्या लुगड्याची गोधडी, फाटक्या गोधडीचे पायपुसणे आणि शेवटी त्याचे पोतेरे! वस्तूचा हा प्रवास आपल्या आज्यांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता. आज तोच धडा शाळेत ‘पुनर्वापर’ ह्या नावाने शिकवावा लागतो. पर्यावरणाचा विषय सक्तीने शिकवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. परंतु हा धडा मुलांनी हाताने शिकावा, हा विचार त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याची बरीचशी घडण आपल्या महाराष्ट्रातच झाली, हे भगिनींना सांगावेसे वाटते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. उद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार तीत मांडला गेला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. आशादेवी व आर्यनायकम् ह्या दांपत्याने सेवाग्रामला चालवलेल्या नई तालीममध्ये सफाई हा अभ्यासाचाच भाग होता. केरकचऱ्याचे खत होते कसे, हे विज्ञान खड्ड्यापाशीच समजावे आणि झाडू हाती धरणे हे कोणा एका जातीचे काम नव्हे, हेही तेथेच उमजावे, अशी ती दृष्टी होती.

पुढे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? ताराबाईंनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. पैशाची अडचण होती. तिच्यातूनच शिक्षणाची नवी वाट निघाली.

हीच वाट श्री. अरविंद गुप्ता यांनी विज्ञानापर्यंत नेली. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून मुले त्रिकोण व चौकोन करतात. चौकोन दाबताच कलतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. पूल आणि छपरे त्रिकोणांनी का बांधतात, ते मुलास न सांगता कळते. ह्या कार्याबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

आता थोडे स्पष्ट लिहिते. आमच्या मंडळाच्या शनिवारच्या वर्गात मुले रद्दी भिजवून, कुटून, जाळीवर लगदा उचलून कागद करतात. तो खडबडीत होतो, कारण प्रत्येक खेपेस कागदाचे तंतू आखूड होत जातात. म्हणजे पुनर्वापरालाही सीमा आहे. आधी कमी वापरणेच खरे! हे ज्ञान विकतच्या थर्मोकोलवर चमकी चिकटवून, आईने रात्री जागून केलेल्या ‘प्रकल्पा’तून कसे मिळावे? प्रदर्शन संपताच तोही कचऱ्यातच जातो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आपली रद्दी, काच, पत्रा खरोखर परत उपयोगात आणतात त्या कचरावेचक भगिनी. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, तिच्यामागे एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्यांचे परिश्रम होते. ज्या मुलाला बाटलीची फुलदाणी करता येते, परंतु कचरा वेचणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणून हाक मारता येत नाही, त्याचे शिक्षण अर्धेच राहिले, असे मी समजते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, येत्या वर्षी आपल्या वर्गात त्या भगिनींपैकी एखादीला शिक्षिका म्हणून सन्मानाने बोलवावे. कोणता कागद कोणत्या ढिगात जातो आणि कोणत्या वस्तूला मोल येते, हे तिच्याइतके नेमके आपल्यापैकी कोणालाही सांगता यावयाचे नाही.