मृत्युपत्रातले पलंग

शेक्सपिअरने बायकोला काय ठेवलं? तर दोन नंबरचा पलंग! १६१६ सालच्या त्याच्या मृत्युपत्रातली ही ओळ इंग्रजी साहित्याच्या वर्गात हमखास हशा मिळवते. पण त्याच ओळीत पलंगासोबत त्याचं 'फर्निचर'ही दिल्याचं लिहिलंय, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. हे फर्निचर म्हणजे टेबल-खुर्च्या नाहीत. पलंगाचे पडदे, गाद्या, चादरी, उशा म्हणजे हे फर्निचर. पलंगाचा खरा ऐवज हाच असे, आणि शेक्सपिअरच्या दोनेकशे वर्षं आधीच्या इंग्लंडमध्ये तर फारच.

गोव्यातल्या जुन्या घरांत आपण मोठे पलंग पाहिलेत. कोरीव खांब, त्यांवर मच्छरदाणी. त्यामुळे छताचा पलंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी लाकूड येतं. मध्ययुगीन इंग्रजी पलंगाला बहुधा असे खांबच नसत. डोक्याच्या बाजूला भिंतीलगत एक उभं कापड टांगायचं, त्याला टेस्टर म्हणत. वरचं छत म्हणजे सेल्युअर, ते दोऱ्यांनी थेट घराच्या तुळयांना बांधायचं. आख्ख्या पलंगावर पसरलं तर पूर्ण सेल्युअर, डोक्याकडच्या भागापुरतं असलं तर अर्धं. कड्यांवर सरकणारे पडदे बाजूंना नि पायाकडे. दिवसा पडदा गोळा करून पिशवीसारखा वर बांधून ठेवत. त्या काळच्या हस्तलिखितांतल्या चित्रांत हे गाठोडं लोंबताना दिसतं. कोरीव खांबांचे लाकडी पलंग रुळले ते सोळाव्या शतकात.

सगळा खर्च कापडावर का, याची कारणं साधी आहेत. एक तर थंडी आणि वारा. दुसरं म्हणजे बडा सरदार एका गढीत वर्षभर राहत नसे. त्याच्या जमिनी चार ठिकाणी, म्हणून घरदारही फिरतं. कापड घडी करून गाडीत टाकता येतं, चौकटीचं ओझं कोण वाहणार? आणि तिसरं कारण मिरवण्याचं. बड्या घरात पाहुण्यांची बैठक पुष्कळदा पलंगाच्याच खोलीत होई, तेव्हा त्या पडद्यांवर घराण्याची मानचिन्हं भरलेली असणं आलंच.

साहजिकच मृत्युपत्रांत पलंग सोन्याच्या दागिन्यांसारखे येतात. 'ब्लॅक प्रिन्स' म्हणून ओळखला जाणारा युवराज एडवर्ड १३७६ साली वारला. राजाने, म्हणजे आपल्या वडिलांनी दिलेला पलंग त्याने मुलगा रिचर्डला ठेवला. आपल्या धर्मगुरूला लाल रेशमी पलंग दिला, त्याच्या चारी कोपऱ्यांवर युवराजाची मानचिन्हं भरलेली. त्याची विधवा जोन १३८५ साली गेली. तोवर तोच रिचर्ड राजा झाला होता. त्याला तिने लाल मखमलीचा नवा पलंग ठेवला, त्यावर शहामृगाची रुपेरी पिसं नि बिबट्याची सोनेरी मुंडकी. राजाला पलंगाची काय वाण? पण आईने द्यायचा तो दिलाच.

मला मात्र यांच्यापेक्षा हॅम्पशायरच्या लेडी एलिस वेस्ट जास्त आवडतात. १३९५ सालचं त्यांचं मृत्युपत्र इंग्रजी भाषेत लिहिलेलं आहे, त्या काळी ही नवलाईच, कारण असे कागद लॅटिन नाहीतर फ्रेंचमध्ये होत. थोरल्या घरातली विधवा बाई. मुलगा थॉमस याला लाल रंगाचा विणकामाचा पलंग, कोपऱ्यांवर पूर्वजांची मानचिन्हं. वर यादी अशी: सगळ्यात चांगली पिसांची गादी, निळं कॅनव्हास, आणखी एक गादी, दोन ब्लँकेटं, फ्रान्समधल्या रेन गावच्या तागाच्या चादरींची जोडी, आणि सगळ्यांत चांगल्या उशांपैकी त्याला आवडतील त्या सहा. निवड मुलाने करायची! लेक एलिनोर हिला पिंगट रेशमाचा पलंग, पूर्ण सेल्युअर आणि त्याच जोडाच्या चार पडद्यांसकट. सुनेला पुस्तकं. लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच, जवळजवळ होती नव्हती ती सगळी.

यादी हा रुक्ष प्रकार मानला जातो. कचेरीत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला तसं वाटत नाही. कुणाच्या नावापुढे काय लिहिलंय यात माणूस दिसतो. आणि इथे तर कायद्याचीही बाजू आहे. तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नसे. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळे, पण तोही तहहयात. ती मेली की जमीन वारसाकडे. काही शहरं सोडली तर जमीन मृत्युपत्राने देण्याची मोकळीक १५४० च्या कायद्यापर्यंत पुरुषांनाही सरळपणे नव्हती. मग बाईने आपल्या मर्जीने, आपल्या हाताने द्यायचं काय? भांडी, कपडे, पुस्तकं, पलंग. आणि त्यांत पलंग म्हणजे घरातला सगळ्यात मोलाचा जिन्नस. एलिसबाई इतक्या बारकाईने उशा का मोजतात ते इथे कळतं.

चाकरमाणसांचा हिशेब वेगळा. मालकाच्या पलंगाखालून ओढून काढायची बुटकी चाकांची खाट एखाद्या खास नोकराला मिळे, बाकीचे मोठ्या दालनात पेंढ्याच्या गादीवर. १५७७ साली विल्यम हॅरिसनने आपल्या गावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं लिहून ठेवलंय. त्यांच्या तरुणपणी डोक्याखाली उशीऐवजी लाकडाचा गोल ओंडका असायचा, आणि उशी फक्त बाळंतिणीला शोभते असं लोक मानत.