तालीम

तालीम (स्त्रीलिंगी, अनेकवचन तालमी) : मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. उर्दू-हिंदीत तोच अर्थ आजही मुख्य आहे; १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेल्या शिक्षणयोजनेचे ‘नई तालीम’ हे नाव त्यातूनच आले. मराठीत मात्र शब्दाने शाळा सोडली आणि दोन वाटा धरल्या : नाटक-गाण्याचा सराव आणि कुस्तीची जागा. नट तालमीला जातो, पैलवान तालमीत जातो. विभक्ती बदलली की अर्थही बहुधा बदलतो. प्रयोगाच्या वेशभूषेसह होणारी ती रंगीत तालीम.

कोल्हापुरात दुसरा अर्थ इतका रुजला आहे की पहिला सांगावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे कुस्ती वाढली. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. तालमीत तांबड्या मातीचा हौदा असतो. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. शिकवणारा तो वस्ताद. पण शिवाजी पेठेत तालीम म्हणजे केवळ हौदा नव्हे. खंडोबा तालीम, वेताळ तालीम ही नावे पत्ता सांगायलाही वापरतात. गणपती तालमीचा, मदतीला धावणारी पोरे तालमीची आणि फुटबॉलचा संघही तालमीचा. ‘खंडोबा जिंकला’ हे वाक्य देवाविषयी नसून शाहू स्टेडियमवरच्या सामन्याविषयी असते. मोहरमचे पंजेही अनेक तालमींत बसतात. गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले तर बाबूजमालसारख्या तालमीत दोन्ही एकत्र असतात. मूळ अर्थापासून शब्द दुरावला खरा, पण वस्ताद आणि शागीर्द हे नाते त्याने टिकवले.

समानार्थी शब्द सरसकट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘आखाडा’ ही लढतीची जागा, म्हणून निवडणुकीचा आखाडा होतो, तालीम होत नाही; साधूंच्या पंथांनाही आखाडेच म्हणतात. जाहीर कुस्त्यांना कोल्हापूरकर ‘मैदान’ म्हणतात. ‘व्यायामशाळा’ हा शब्द फलकावर आणि सरकारी कागदात शोभतो, बोलण्यात क्वचित येतो. ‘मंडळ’ तालमीच्या नावामागे जोडतात किंवा शिवाजी तरुण मंडळासारखे स्वतंत्रही वापरतात. त्यात हौद्याची अपेक्षा नाही. ‘सराव’ क्रिकेट-फुटबॉलचा आणि परीक्षेचाही. ‘जिम’मध्ये पैसे भरून जातात; तिथे ट्रेनर असतो, वस्ताद नसतो.

लाक्षणिक वापर : ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ म्हणजे त्याच्या हाताखाली घडलेला, राजकारणी, गवई आणि पत्रकार यांच्याविषयी विशेष रूढ.