इंदूरची आगळी दिवाळी

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदूर नगरीत दिवाळीची एक आगळी मिरवणूक निघाली. तिचा मार्ग रूढीने नव्हे, तर नागरिकांच्या श्रमांनी ठरला होता.

१९१७ च्या सुमारास महाराजा तिसरे तुकोजीराव होळकर यांनी स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदुरात पाचारण केले. शहरावर तेव्हा प्लेगचे सावट होते. नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडणारा हा वृद्ध साहेब आपली घरे पाडणार, अशी धास्ती रहिवाशांनी घेतली. योजना कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ज्यांच्यासाठी ती आखायची त्यांचाच विश्वास नसेल तर ती कागदावरच राहते, हे गेडिस यांनी ओळखले.

त्यांनी महाराजांकडे एका दिवसापुरते राजाधिकार मागितले आणि ते मिळाले. मग दवंडी पिटली गेली : दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यावरील सर्वाधिक घरे स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील, त्याच रस्त्याने जाईल. पाहता पाहता वाड्यावाड्यांतून चुरस लागली. गेडिस यांच्या कथनानुसार, घरांतून व अंगणांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा बाहेर निघाला.

मिरवणुकीत घाणीचे प्रतीक असलेला राक्षस होता आणि प्लेगचा अजस्र उंदीरही. परंतु लोकांच्या नजरा खिळल्या त्या सफाई कामगारांवर. त्यांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे होती, झाडूंना हार घातलेले होते आणि मस्तकी नगराच्या रंगाचे नवे पागोटे होते. तेच पागोटे त्या दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही धारण केले होते.

१९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या अहवालात गेडिस यांनी हीच दृष्टी नगररचनेत उतरविली. सरसकट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी मोजकीच मोडकळीस आलेली घरे हटवावीत, मोकळ्या जागी झाडे लावावीत, म्हणजे खर्च वाचतो आणि गरीब बेघर होत नाही, असा त्यांचा आग्रह होता.

तथापि एका दिवसाच्या पागोट्याने पिढ्यान्‌पिढ्यांची विषमता मिटत नसते. मिरवणूक सरली, झाडू मात्र त्याच हातांत राहिला. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग प्रथम क्रमांक मिळवून इंदूर देशात गाजले. त्या कीर्तीमागेही पहाटे उठणारे असंख्य हात आहेत. त्या हातांना योग्य वेतन, सुरक्षित साधने आणि त्यांच्या मुलांना उत्तम शाळा मिळणे, हा त्या दिवाळीचा अपूर्ण राहिलेला भाग होय. नगराची खरी कसोटी तेथेच लागते. आणि आपल्या वर्गात कोणाची मुले शेजारी शेजारी बसतात, या प्रश्नाने शाळेचीही.