विहार समितीचा कारभार : कार्यकर्त्यांना माहीत असावे असे काही

नांदेड-लातूर पट्ट्यात बहुतेक बौद्ध वस्तीत विहार आहे, जयंती मंडळ आहे, वर्गणी देणारे हात आहेत. आपण कमी पडतो ते कारभारात. अध्यक्षांचे निधन होऊन वर्षे उलटली तरी नोंदीत नाव त्यांचेच. हिशेबाची वही एकाच घरात. मग दोन गट, दोन समित्या आणि शेवटी विहाराला कुलूप. हे टाळता येते.

परंपरा आपलीच आहे

वज्जींनी वारंवार एकत्र जमावे, एकजुटीने निर्णय घ्यावेत, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी महापरिनिब्बान सुत्तात सांगितले. विनयानुसार संघाच्या साध्या कामालाही किमान ४ भिक्खू लागतात. मतभेद झाल्यास शलाका वाटून मतदान होई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघातील ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीचा दाखला दिला, आणि त्याच भाषणात व्यक्तिपूजेपासून सावध केले.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली. अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. सगळी पदे एका माणसाकडे ठेवली नाहीत.

कायदा काय सांगतो?

१. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते.

२. विश्वस्त बदलले, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

३. हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे.

४. संस्थेची जागा विकणे, दान देणे, शेतजमीन १० वर्षांपेक्षा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने देणे, यासाठी कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार वैध ठरत नाही.

आपण काय करावे?

- जागा कोणाच्या नावावर आहे, हे आजच पाहा. शेतजमीन असेल तर सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. जागा देणाऱ्या उपासकाच्या हयातीतच कागद पूर्ण करा. पुढची पिढी तोंडी शब्द पाळेलच असे नाही.
- बँक खाते संस्थेच्या नावे, दोघांच्या सहीने चालवा.
- प्रत्येक वर्गणीची पावती द्या. १४ एप्रिलचा जमाखर्च बुद्धपौर्णिमेच्या आत विहाराच्या फळ्यावर लावा.
- इतिवृत्त सभेतच लिहा, वाचून दाखवा, सह्या घ्या.
- वर्षावासात ग्रंथवाचनाला विहार भरतो तो महिलांमुळे. समितीत मात्र त्यांचे नाव नसते. कोषाध्यक्षपद त्यांच्याकडे देऊन पाहा.
- पदाची मुदत नियमावलीत लिहा. जुन्या पदाधिकाऱ्यांनी वही, शिक्के, पासबुक नव्यांना सभेसमोर सोपवावे.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्यांनी मजुरीतून पन्नास-शंभर रुपये दिले, त्यांना उत्तर देणे हा शीलाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास थांबा आणि वही उघडा.

जयभीम, नमो बुद्धाय!