आधी वाट कोणाची?

सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबारवरून जात असे. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला होता. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने हिंदुस्थानातील वाटांविषयी एक नोंद केली आहे. धान्य, मीठ वाहणाऱ्या दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद जागी समोर आला, तर तो संपेपर्यंत प्रवाशाला कधी कधी दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. मात्र बैलाची चाल ताशी तीन-चार किलोमीटर. समोरचा दिसल्यावर थांबायला भरपूर वेळ मिळे.

मोटार आली आणि हा वेळच उरला नाही. म्हणून नियम लिहावे लागले. देशभरासाठी मोटार वाहन कायदा १९१४ साली झाला; पुढे १९३९ व १९८८ चे कायदे आले. जेथे पुढचा रस्ता दिसत नाही अशा वळणावर व चढावर ओव्हरटेक करण्यास १९८९ च्या नियमावलीने मनाई केली. २०१७ च्या नियमावलीतही ती आहे.

ही मनाई का, हे आपण गणितानेच पाहू. समजा, १० मीटर लांबीचा ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे व ४ मीटर लांबीची आपली मोटार ताशी ६० ने. ट्रकच्या मागे व पुढे २०-२० मीटर अंतर राखायचे, तर ट्रकपेक्षा ५४ मीटर जास्त जावे लागेल. वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे सुमारे १० सेकंद लागतील. तेवढ्यात आपण १६५ मीटर जाऊ आणि समोरून ६० च्या वेगाने येणारी एस.टी.ही तितकीच येईल. म्हणजे ३३० मीटर रस्ता मोकळा दिसायलाच हवा! तळोदा-धडगाव रस्त्यावरील चांदसैली घाटाच्या वळणांवर एवढे दिसणार कसे? हॉर्न वाजवल्याने दृष्टीचा पल्ला वाढत नाही.

अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हाही नियमच आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवताना ती मागे घरंगळण्याचा धोका असतो.

उतरणाऱ्याची अडचण वेगळी. १० टनांचा ट्रक ३०० मीटर खाली उतरला, की सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने साधारण ९० लिटर पाणी उकळीला येईल. ही सारी ऊर्जा ब्रेकवर सोपवली, तर ते तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. मग बराचसा भार इंजिन पेलते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे म्हणजे हा आधारच काढून घेणे होय.

शाळेजवळच्या मोकळ्या जागेत ३३० मीटर पावलांनी मोजून दोन टोकांना दोन विद्यार्थी उभे करावेत. ते अंतर एकदा डोळ्यांनी पाहिले, की नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.