शुक्रवारी लूम बंद असतात

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. आमचं घर संगमेश्वरात, मोसम नदीच्या अलीकडे. आठवड्यातले सहा दिवस पलीकडून खटखट यायची आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांना असा आवाज असतो. इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो तेव्हा हॉस्टेलवर पहिल्या रात्री झोप लागेना. रूममेटने विचारलं, घरची आठवण येते का? येत होती, पण नेमकी कशाची ते सांगता आलं नाही.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका सूत व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. सकाळी सायकल काढायची, पूल ओलांडायचा, पलीकडच्या कारखान्यांत सुताच्या उधारीची वसुली करायची, संध्याकाळी परत. त्यांचे नियम ठरलेले होते. वसुलीला गुरुवारी जायचं नाही, कारण त्या दिवशी मालकाला मजुरी वाटायची असते. शुक्रवारी तर जायचंच नाही. शनिवारी सकाळी चहाच्या वेळेला गाठायचं.

नकाशावर पाहिलं तर मोसम ही शहराच्या मधोमध ओढलेली रेघ दिसते. पूर्वेला जुनं गाव, किल्ला, मशिदी आणि लूम. पश्चिमेला संगमेश्वर, कॅम्प आणि बंगल्यांच्या कॉलन्या. ढोबळमानाने तिकडे मुसलमान, इकडे हिंदू. बाहेरचे पत्रकार आले की याच रेघेपासून सुरुवात करतात. ती खोटी नाही. पण ती तिथे नेहमी नव्हती आणि नदीने तर ती मुळीच आखली नाही.

नदीचं सांगायचं तर मोसम साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून, बागलाणातून येते. वरच्या अंगाला तिच्या पाण्यावर शेकडो वर्षं फड पद्धतीची शेती चालली. बंधारा घालून पाणी पाटाने न्यायचं, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कोणाला कधी मिळणार हे सरकार ठरवत नव्हतं, गाव ठरवायचं. त्यासाठी पाटकरी आणि जागले नेमलेले असत. आता वर हरणबारीचं धरण आहे आणि आमच्या गावात येईपर्यंत मोसम म्हणजे पावसाळा सोडला तर गटार. शहर ओलांडलं की ती गिरणेला मिळते. त्याच परिसरात चंदनपुरी आहे, खंडोबाच्या बाणाईचं गाव. कथेप्रमाणे जेजुरीचा देव बाणाईसाठी इथे आला आणि तिच्या बापाची मेंढरं राखत राहिला. म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या परगावच्यांची यादी थेट देवापासून सुरू होते.

त्या यादीत पुढचं मोठं नाव पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांचं. नाशिकच्या पंचवटीत ज्यांच्या नावाची घंटा प्रसिद्ध आहे आणि ज्यांनी झाशीचा कारभार पाहिला, तेच हे. 1740 मध्ये त्यांनी मोसमच्या काठावर भुईकोट बांधायला घेतला आणि खंदक खणला. बांधकामासाठी सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून कारागीर-मजूर आले आणि त्यातले बरेच इथेच राहिले, असं सांगितलं जातं. एका ब्राह्मण सरदाराच्या किल्ल्यासाठी आलेले मुसलमान कारागीर, ही मालेगावची पहिली मोहल्लेवस्ती. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. शाळेत मालेगाव फक्त हजेरीपटावर होतं.

1818 चा वेढाही पुस्तकात नव्हता. पेशवाई संपली होती, बाजीराव शरण यायच्या बेतात होता आणि एकामागून एक गड इंग्रजांच्या हाती जात होते. मालेगावच्या भुईकोटात मात्र अरब शिपाई होते, काही शेकडा. कर्नल मॅकडॉवेलची फौज मेच्या मध्यावर येऊन थडकली. 29 मेचा हल्ला फसला. महिनाभराच्या लढाईत इंग्रजांकडची दोनशेहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली. शेवटी तोफेचा गोळा दारूकोठारावर पडला, तट खंदकात कोसळला आणि जूनच्या मध्यावर अरब बाहेर आले.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. शरणागतीचा कागद मराठीत लिहिला होता आणि त्याच्या अर्थावरून भांडण लागलं. अरब म्हणाले, आम्हाला बंदी करायचं नाही असं यात लिहिलंय. इंग्रज अधिकारी म्हणाले, तसं नाही. प्रकरण एल्फिन्स्टनपर्यंत गेलं आणि त्याने अरबांना फायद्याचा ठरेल असाच अर्थ लावला. रोज रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच्या एकेका वाक्यावरून क्लायंटशी वाद घालणाऱ्या माझ्यासारख्याला त्या कागद लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल फार आपुलकी वाटते. त्या किल्ल्यात आज शाळा भरते.

इंग्रजांनी नदीच्या अलीकडे छावणी टाकली. म्हणून आमच्या भागाला अजून कॅम्प म्हणतात. रेघेचा पहिला ठिपका बहुधा तिथे पडला. 1857 नंतर आणि 1860 च्या दशकातल्या दुष्काळात बनारस, आझमगड, मऊ या भागांतले मोमीन विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाले. लँकेशायरच्या कापडाने त्यांचे माग आधीच थंड पाडले होते. मालेगाव रस्त्यावरच होतं, खानदेशचा कापूस जवळ होता, नमाजाला मशीद होती. ते थांबले. पुढची सत्तरेक वर्षं मालेगाव हातमागाचं गाव होतं आणि इथलं रंगीत लुगडं आसपासच्या बायका नेसत होत्या. 1935 च्या सुमारास वीज आली आणि पहिले यंत्रमाग आले. आज दोन लाखांच्या वर माग आहेत असं म्हणतात. बरंचसं कापड कोरंच बाहेर जातं, रंगायला राजस्थानात पाली-बालोत्राला.

आणि सूत? सुताचा धंदा मुख्यतः अलीकडच्या मारवाडी-गुजराती पेढ्यांचा. लूम तिकडे, सूत इकडे. सूत उधारीवर जायचं, कापड विकलं की पैसे यायचे. ही साखळी चालवणारी माणसं म्हणजे आबांसारखे सायकलवाले दिवाणजी. याला मी सलोखा म्हणणार नाही. उधारी म्हणेन. उधारीत दोन्ही बाजूंना समोरचा माणूस जिवंत आणि धंद्यात राहायला हवा असतो.

ती तुटायचीही. 25 एप्रिल 1921 ला खिलाफतीच्या दिवसांत इथे दंगा पेटला. एक पोलीस अधिकारी मारला गेला, मंदिर जाळलं गेलं. गांधीजींनी कडक शब्दांत निषेध केला. पुढच्या वर्षी काहीजणांना येरवड्यात फाशी झाली. सरकारी कागदांत ती दंगल आहे. पलीकडच्या गावात त्यांच्या नावाने ‘शहीदों की यादगार’ आहे. मला दोन्ही नोंदी खऱ्या वाटतात आणि हे वाक्य मी कॅम्पातही म्हणू शकत नाही, किल्ल्याजवळही नाही.

ऑक्टोबर 2001 च्या दंगलीत मी चार वर्षांचा होतो. कर्फ्यू म्हणजे घरात खेळायला मिळतं, एवढंच आठवतं. त्यानंतर आबांची सायकल पुलापलीकडे गेली नाही. वर्षभराने त्यांनी नोकरीच सोडली. कारण विचारलं की अहिराणीत एकच वाक्य, “सूतना भाव पडना.” भाव पडलाही होता. दुसरं कारण त्यांनी कधी दिलं नाही.

8 सप्टेंबर 2006 ला शुक्रवार होता. शब-ए-बरातही होती. बडा कब्रस्तानजवळ जुम्म्याच्या नमाजानंतर स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. आबा दुपारभर फोन लावत बसले होते. लागत नव्हता. रात्री कधीतरी लागला. ते फक्त एवढंच म्हणाले, “हाजीसाब, मैं दिवाणजी.” मग बराच वेळ नुसतंच ऐकत होते. या प्रकरणात आधी नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. वर्षानुवर्षं तुरुंगात काढल्यावर 2016 मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. ऑफिसमध्ये मी मालेगावचा म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते या वर्षांचं देणं आहे.

हल्ली जरा बदललंय. लोक ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’बद्दल विचारतात. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी इथेच ‘मालेगाव के शोले’ काढला होता, तोही नव्वदच्या दशकानंतर गल्लीत माणसं जमवून. लूमचा मजूर आठवडाभर काम करून शुक्रवारी सिनेमाला जाणारच, तर सिनेमाही त्याच्याच तोंडवळ्याचा का नको? या शहराबद्दल बाहेर पोचलेली ही एकच गोष्ट गावातल्या लोकांनी स्वतः सांगितलेली आहे.

आबा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक खतावणी सापडली. लाल कापडी बांधणी. शेवटची नोंद सप्टेंबर 2001 ची: ‘हाजी, किल्ल्यामागे’ आणि पुढे 1,140 रुपये बाकी. बाकी मिटल्याची खूण नाही. मागच्या महिन्यात एका शनिवारी मी ती घेऊन निघालो. मोसमवर आता बरेच पूल आहेत. एक रामसेतू आहे, एक अल्लामा इक्बाल पूल आहे. अंतर चालत वीस मिनिटांचं आणि अठ्ठावीस वर्षांत मी त्या गल्ल्यांत एकटा कधी गेलो नव्हतो.

किल्ल्यामागे तीन हाजीसाब निघाले. तिसऱ्या कारखान्यात चोवीस लूम एकदम चालू होते. हवेत कापसाचा धुरळा होता आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. एका म्हाताऱ्या माणसासमोर मी वही उघडून धरली. त्याला मराठी अक्षर लागत नव्हतं, पण आकड्यावर त्याचं बोट थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, सायकलचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. मग तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, “जुमे को आओ. आवाज नहीं रहेगी.”

शुक्रवारची रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, तर ‘घरचं काम’ असं लिहिलं.